भोंग्यावरची गाणी : सीमाभागातल्या मैदानांच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी २०२५

वाचनालयाच्या बैठकीत विषय मंजूर झाला आणि काम मी मागून घेतलं. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात कुस्ती, कबड्डी, क्रिकेट, फुटबॉलच्या मैदानांवर भोंग्यातून कोणती गाणी वाजायची, त्याचा संग्रह करायचा. जुन्या लोकांच्या मुलाखती घ्यायच्या, सापडतील त्या कॅसेट नि तबकड्या गोळा करायच्या आणि आजच्या मैदानांचं ताजं ध्वनिमुद्रणही करायचं.

पहिले हिंदकेसरी श्रीपती खंचनाळे आपल्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. १९५९ साली दिल्लीत त्यांनी तो किताब जिंकला. त्यांच्या लढतींवर, डावांवर, खुराकावर लिहिलेलं वाचायला मिळतं. पण त्या काळच्या मैदानाच्या कडेला उभं राहिलं की कानावर काय पडायचं? ते लिहून ठेवावं असं कुणाला वाटलं नसावं, कारण ते सगळ्या गावालाच ऐकू येत होतं. ऐकणारी ती माणसं आता ऐंशीच्या घरात आहेत. म्हणून मला घाई आहे.

तक्ता सध्या साधा ठेवलाय: गाणं, साल, मैदान, सांगणाऱ्याचं गाव.

१९ जानेवारी २०२५

एका जुन्या साउंड सर्व्हिसवाल्या मामांकडे गेले. दुकान बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण माल माळ्यावर जपून ठेवलाय. अहुजाचा अँप्लिफायर, पोत्यात गुंडाळलेले दोन कर्णे, रेकॉर्ड चेंजर, सुयांची पत्र्याची डबी आणि कॅसेटच्या पेट्या. लाखेच्या तबकड्या फार थोड्या उरल्यात. एक तबकडी त्यांनी दोन्ही हातांनी, कडेला धरून, मला दाखवली. माझ्या हातात दिली नाही.

“मामा, कुठलं गाणं लावायचं ते कोण ठरवायचं?”

“आमीच की वो बाई. पंचांस्नी जोडी लावायची घाई, पाटलांस्नी पाव्हण्यांची घाई. आमच्याकडं कोण बघतंय?”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी घरी येऊन जसंच्या तसं उतरवून काढलं. मिनिटाला ७८ फेरे घेणारी दहा इंची तबकडी एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं वाजते. दोन कुस्त्यांच्या मधला वेळ त्या तीन मिनिटांवर बेतलेला असायचा. “एक बाजू म्हंजे एक जोड बघा. तबकडी सुरू झाली की पोरगं कापडं काढतंय, लंगोट आवळतंय, माती लावून घेतंय. सुई आत पोचायच्या आधी हौद्यात उतरलं पायजे. गाणं मी दुसऱ्यांदा लावत न्हवतो.” जोड म्हणजे एकमेकांशी लढणारे दोन पैलवान, हौदा म्हणजे मातीचा आखाडा.

कुस्ती लागली की भोंगा बंद आणि हलगी सुरू. कुस्ती सुटली की हलगी थांबणार, पुढची तबकडी लागणार. असा नियम कुणी कागदावर केलेला नव्हता, पण मैदानात तो मोडलेला मामांनी पाहिला नाही. दुपारी नारळ फुटायच्या आधी देवाचं गाणं. पुढच्या काळात ते बहुतेक प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातलं. मग चित्रपटातली, मग लावणी. पोवाडा राखून ठेवलेला.

“राखून म्हणजे?”

“मोठ्या जोडी यायच्या आधी लावायचा. आधीच लावून संपवला तर माणूस तापणार कशानं?”

२६ जानेवारी २०२५

एका निवृत्त क्रीडाशिक्षकांची भेट. तालुक्याच्या शालेय स्पर्धांबद्दल बोलताना ते थेट १९८२ सालावर आले. दिल्लीच्या आशियाई स्पर्धांच्या उद्घाटनात सांगलीकडच्या लेझीम पथकानं भाग घेतला होता. त्या स्पर्धांच्या स्वागतगीताला पंडित नरेंद्र शर्मांचे शब्द आणि पंडित रविशंकर यांचं संगीत होतं. गावात दूरदर्शन एखाद्याच घरी. तिथं दाटीवाटीनं बसून ज्यांनी तो सोहळा पाहिला, त्यांनी पुढच्या वर्षी शाळेच्या संचलनाला तेच गाणं मागितलं. सरांनी टेप मिळवली, मुलींची लेझीम त्यावर बसवली. सर बोलता बोलता उभे राहिले आणि चाल हातावर धरून दाखवली.

९ फेब्रुवारी २०२५

मामांच्या कॅसेट घरी आणल्यात. रविवार पूर्ण त्यातच गेला.

आपल्याकडच्या पावसानं या फितींचं काय होतं ते बघवत नाही. बेळगावचा जून ते सप्टेंबर म्हणजे सगळं घर ओलं. फितीच्या कडेवर पांढरी बुरशी चढते. तशी कॅसेट थेट मशिनमध्ये घातली तर बुरशी हेडला लागते आणि पुढच्या चांगल्या फितीही खराब होतात. म्हणून आधी कवच उघडायचं, रीळ मऊ कोरड्या कापडावरून हळू फिरवायचं आणि दुसऱ्या चांगल्या कवचात बसवायचं. काहींच्या आत फितीला हेडवर दाबून धरणारा नमद्याचा छोटा तुकडा निखळलेला होता. तो नसला की आवाज येतो-जातो, जणू कुणी दाराची फट उघडझाप करतंय. हेडच्या बाजूचा बारीक स्क्रू प्रत्येक कॅसेटसाठी पुन्हा जुळवावा लागतो. ज्या मशिनवर मूळ ध्वनिमुद्रण झालं त्याचं हेड किंचित तिरकं असेल, तर आपलंही तेवढंच तिरकं केल्याशिवाय वरच्या पट्टीतला आवाज उमटत नाही. संगणकावर ऑडॅसिटी या ध्वनिमुद्रणाच्या सॉफ्टवेअरमध्ये ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटला उतरवून घेते. सफाई नंतर, मूळ प्रत आहे तशी ठेवायची.

आणि यांत मोठा ठेवा आहे! मामा मैदानात माइकचा आवाज नि गाणं एकत्र टेपवर घेत असत. त्यामुळे गाण्याच्या मध्येच निवेदक येतो: अमक्या गावचा पैलवान अजून मैदानात हजर नाही, तमक्यांकडून पन्नास रुपये इनाम जाहीर, लहान मुलांनी हौद्याच्या कडेवरून मागं सरावं. एका टेपेवर कुस्ती निकाली झाल्याचा आरडाओरडा आहे आणि त्यातून वाट काढत गाणं पुन्हा सुरू होतं, पहिल्या ओळीपासून नव्हे, मधूनच. तबकडीवरची सुई घाईत टेकवली असणार. गाण्याच्या कुठल्याही शुद्ध प्रतीपेक्षा मला ही प्रत मोलाची वाटते. गाणं बाजारात आजही मिळेल. त्या दुपारी जमलेला तो समुदाय आता याच फितीवर आहे.

२३ फेब्रुवारी २०२५

प्रश्न असा होता की काही गाणी सगळ्याच मैदानांवर का सापडतात आणि तितकीच गाजलेली दुसरी का नाहीत. उत्तर बरंचसं भोंग्यात आहे.

पत्र्याच्या कर्ण्यातून साधारण ३०० ते ५,००० हर्ट्झमधलाच आवाज नीट बाहेर पडतो. तबल्याचा बायाँ, ढोलाचा खर्ज जवळजवळ गळून जातो. उरतो गळा, सनई, क्लॅरिनेट, टाळ्या, ढोलकीची चाट. म्हणून वरच्या पट्टीतला स्त्रीचा आवाज आणि ठसठशीत शब्द असलेलं गाणं मैदानभर पोचायचं. १९७२ सालच्या ‘पिंजरा’तल्या लावण्या उषा मंगेशकरांनी गायल्या, जगदीश खेबुडकरांनी लिहिल्या, राम कदमांनी चाली दिल्या. खेबुडकर कोल्हापूरजवळच्या हळदीचे. त्या लावण्या कर्ण्यावर लागल्या की शेताच्या बांधावरचा माणूसही शब्द न् शब्द ऐकू शकायचा. मामांच्या भाषेत हे “कर्ण्याला मानवणारं गाणं”. संथ भावगीतं त्यांनी लावून पाहिली होती. “घरात बरी. मैदानात त्यांचा जीव गुदमरतोय.”

दोन कर्णे मैदानाच्या दोन टोकांना लावायचे नाहीत, ही त्यांची शिकवण. आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो; शंभर मीटरवरचा कर्णा कानाला जवळजवळ पाव-एक सेकंद उशिरा लागतो आणि प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो. म्हणून दोन्ही कर्णे एकाच खांबावर, पाठीला पाठ लावून. हे गणित त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. कानानं शिकले.

९ मार्च २०२५

आजची नोंद या प्रकल्पातली सगळ्यात महत्त्वाची आहे. मला हवं होतं ते मैदानात नव्हतं, स्वयंपाकघरात होतं.

आत्याकडे गेले होते. वय पंचाहत्तरीच्या पुढं. कुस्तीच्या मैदानात तिनं आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही. तिच्या पिढीतल्या बायका तिकडं जात नसत. मी तिला सहज सांगितलं की मैदानातल्या गाण्यांचं काम चालू आहे. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, “मला इचार की. पुरुषांस्नी काय ठावं? ती कुस्ती बघत बसलेली.”

यात्रेला घरात चाळीस-पन्नास पाहुणे. सगळे पुरुष दुपारी मैदानात. ते एकदम परत येणार आणि आल्या आल्या ताटं मांडायची. घर मैदानापासून दीडेक किलोमीटर, गावाच्या दुसऱ्या टोकाला. निरोप सांगायला कोण येणार? बायका भोंगा ऐकायच्या.

देवाचं गाणं लागलं, म्हणजे आखाड्याची पूजा झाली. अजून पुष्कळ वेळ आहे, मसाला वाटायला घ्यायचा. भराभर सिनेमाची गाणी बदलायला लागली, म्हणजे रेवडीवरच्या, नारळावरच्या कुस्त्या, लहान पोरांच्या; पटापट सुटतात. लावणी लांबायला लागली, म्हणजे मधल्या जोडी. पोवाडा लागला की कणकेला हात. “आणि मग भोंगा गप्प. नुसती हलगी. लई वेळ नुसती हलगी. म्हंजे एक नंबरची कुस्ती लागलीया. तवा आमी चुलीपुढं बसायचो. आरडाओरडा उठला की तवा ठेवायचा. पैली भाकरी उतरस्तोवर माणसं दारात.”

एखाद्या वर्षी हलगी फारच लांबली नि ओरडा उठलाच नाही, म्हणजे कुस्ती बरोबरीत सोडवली. त्या वर्षी पाहुणे घरी येऊनही वाद घालत बसायचे, म्हणून भाजी थोडी जास्त करायची, असंही ती म्हणाली.

मी तिला मामांच्या टेपेतलं दोन मिनिटं ऐकवलं. गाणं कुठल्या चित्रपटातलं ते तिला आठवेना. पण ते किती वाजता लागायचं, ते तिनं लगेच सांगितलं: “दिवे लावायच्या आदी.”

दीड किलोमीटरवरून आवाज पोचायला चार सेकंदांहून अधिक लागतात. पैलवान चितपट झाल्यानंतर चार सेकंदांनी या घरात ते कळायचं. संध्याकाळी जमिनीलगतची हवा गार होते आणि वरची त्यापेक्षा उबदार राहते, तेव्हा आवाज वर न जाता खाली वळतो आणि दुपारपेक्षा लांब जातो. मोठ्या कुस्त्या नेमक्या त्याच वेळी. बायकांना शेवट सगळ्यात स्वच्छ ऐकू यायचा.

तक्ता बदलला. पहिला रकाना आता ‘कधी वाजलं’ हा. गाण्याचं नाव त्याच्यानंतर. आत्याच्या वयाच्या इतर बायकांना भेटायचं. कंग्राळी, उचगाव, सांबऱ्याकडच्या ओळखी काढल्यात.

१६ मार्च २०२५

कबड्डी. इथं गाण्याचा हिशोब वेगळा आणि मला तो फार आवडला.

चढाईला गेलेल्या खेळाडूचा ‘कबड्डी, कबड्डी’ हा दम पंचांना स्पष्ट ऐकू यावा लागतो. दम तुटला की चढाई संपली. म्हणजे खेळ चालू असताना भोंगा वाजवला तर खेळच न्याय्य राहत नाही. एका जुन्या पंचांनी सांगितलं की साउंडवाल्याला ते सामन्याआधी एकच गोष्ट बजावत: “शिट्टी ते शिट्टी गाणं न्हाई.” वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांमध्ये पाच मिनिटांची विश्रांती असते. सगळं गाणं त्या पाच मिनिटांत. एक पूर्ण गाणं नि दुसऱ्याचा मुखडा बसतो. त्यातून कबड्डीची अशी एक आवड घडली: सुरुवातीलाच पकड घेणारं गाणं हवं, लांब वाद्यसंगीतानं सुरू होणारं चालत नाही.

प्रो कबड्डी २०१४ साली सुरू झाली आणि टीव्हीवर चढायांच्या मधल्या क्षणांतही संगीत आलं. गावातल्या पोरांना तसंच हवं झालं. चांगले पंच अजूनही हात वर करून थांबवतात.

फुटबॉलबद्दल थोडंच मिळालं. बेळगावच्या लेले मैदानावरचे जुने खेळाडू म्हणतात की त्यांच्या सामन्यांना भोंगा मध्यंतरापुरताच. बाकी प्रेक्षकांचाच आवाज.

२३ मार्च २०२५

दुसरीकडे हे कसं घडलं ते वाचतेय. आपल्या मामांची भावंडं जगभर आहेत.

अमेरिकेतल्या बेसबॉलचं सगळ्यात प्रसिद्ध गाणं ‘टेक मी आउट टू द बॉल गेम’ १९०८ सालचं. मैदानावर घेऊन जायची विनवणी करणारं गाणं मैदानातच सगळ्यांनी उभं राहून म्हणायचं, ही रीत पक्की झाली ती १९७०च्या दशकात, हॅरी कॅरी या समालोचकानं माइकवरून लोकांना सोबत घेतल्यावर. शिकागोच्या रिग्ली फील्ड या बेसबॉल मैदानावर १९४१ साली ऑर्गन आला. त्याच शहरातल्या दुसऱ्या संघाच्या मैदानावर नॅन्सी फॉस्ट नावाच्या वादक बाई १९७० ते २०१० ऑर्गनवर होत्या. त्या खेळ बघत बघत गाणं निवडायच्या. १९७७ साली बदलून बाहेर काढलेल्या, पाहुण्या संघाच्या चेंडू टाकणाऱ्या खेळाडूला निरोपाचं एक जुनं गाणं त्यांनी वाजवलं नि सगळं मैदान ते गायला लागलं. नियोजन नव्हतं. नेमका क्षण ओळखणारी बाई होती. त्यांच्याबद्दल मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी एकच विचारलं: “चाळीस वर्सं एकाच मैदानात? नशीबवान.”

इंग्लंडमधल्या लिव्हरपूल या फुटबॉल क्लबची गोष्ट आपल्या कामाला फार जवळची. ‘यू विल नेव्हर वॉक अलोन’ हे १९४५च्या एका संगीत नाटकातलं गाणं. १९६३ साली लिव्हरपूलच्याच एका वाद्यवृंदानं ते पुन्हा गायलं. सामन्याआधी मैदानावर त्या आठवड्याची लोकप्रिय गाणी लावत. हे गाणं यादीतून खाली उतरलं, भोंग्यावर लागायचं थांबलं, तरी प्रेक्षक गातच राहिले. असं तिथले लोक सांगतात. म्हणजे गाणं दिलं भोंग्यानं, ठेवून घेतलं लोकांनी. क्वीन या वाद्यवृंदाच्या ब्रायन मे यांनी १९७७ साली आपल्या कार्यक्रमात श्रोत्यांना हेच गाणं गाताना ऐकलं आणि त्यातून त्यांनी दोनदा पाय आपटून एकदा टाळी वाजवायचं ‘वी विल रॉक यू’ लिहिलं. वाद्य नसलेल्या माणसालाही वाजवता यावं असं गाणं.

२००३ सालच्या ‘सेव्हन नेशन आर्मी’ या इंग्रजी गाण्याचं तर शब्दांशिवायच काम चालतं. बेल्जियमच्या ब्रुज फुटबॉल क्लबच्या प्रेक्षकांनी त्याच साली मिलानमध्ये ती चाल गुणगुणायला सुरुवात केली, पुढं २००६च्या विश्वचषकात इटलीनं ती आपली केली. लेले मैदानावर मुलं ती चाल ‘ओ ओ’ करत गातात, ती कुठून आली हे विचारायची त्यांना गरज पडत नाही.

१३ एप्रिल २०२५

यात्रेच्या कुस्ती मैदानात हलगीचं ध्वनिमुद्रण. वस्तादांनी आधीच जागा राखून ठेवली होती, “बाई, हितं बसा, माती उडणार न्हाई.” आता बायका-मुली येतात, कडेला मुलींची एक जोडही लागली.

हलगीवाल्यांच्या शेजारीच बसले. चामड्याची हलगी गार पडली की आवाज बसतो. दर थोड्या वेळानं गवताच्या जाळावर शेकायची, बोटानं टिचकी मारून पाहायची, पुन्हा शेकायची. एका हातात जाड टिपरू, दुसऱ्या हातात बारीक काडी. घुमकं हा ढोल नि कैताळ ही झांज सोबतीला. हल्ली प्लॅस्टिकच्या पानाची हलगीही आलीय, ती शेकावी लागत नाही, पावसात चालते. दोन्ही वाजवणाऱ्या तरुणानं मला कारण न सांगता चामड्याचीच घेतली.

हलगी खेळाकडे बघून वाजते हे टेपेवर पुन्हा ऐकताना अगदी उघड होतं. पैलवान खडाखडी करत एकमेकांचा अंदाज घेतात, तेव्हा ठेका मोकळा, दोन ठोक्यांत जागा. पट काढला, म्हणजे समोरच्याचा पाय धरून ओढला, की लय चढते. एक जण खाली गेला, दुसरा त्याच्यावर घिस्सा हा डाव मारायला बसला की बारीक काडीची कडकड सुरू होते आणि ती इतकी वाढते की निकालाच्या आधीच लोक उभे राहतात. वाजवणाऱ्याची नजर पैलवानांच्या पायांवर होती. मी विचारलं, पायांवर का? “हात फसवत्यात. पाय फसवत न्हाईत.”

कोल्हापूरचं खासबाग मैदान शाहू महाराजांनी बांधून घेतलं, ते १९१२ साली पूर्ण झालं. मध्ये हौदा, भोवती चढत जाणारी वर्तुळाकार बैठक. कर्णा यायच्या कितीतरी आधीपासून अशा मैदानांत हलगी मागच्या ओळीपर्यंत पोचत होती. तिला विजेची गरज नव्हती.

२० एप्रिल २०२५

कन्नड माध्यमाच्या शाळेतले एक सर या कामात आलेत. त्यांच्याशिवाय संग्रह अर्धाच राहिला असता. पैलवान गोकाक, अथणी, रायबागेहूनही येत होते नि येतात. त्यांच्या गावच्या मैदानात करडी मजलू वाजतं: करडी हा ढोल, सनई, टाळ. सरांनी एक ध्वनिमुद्रण ऐकवलं. निपाणीच्या हलगीनंतर ते ऐकलं की दोन्हींचं नातं कानाला लगेच कळतं.

मामांच्या पेटीत ‘जय जय महाराष्ट्र माझा’ आणि डॉ. राजकुमारांचं ‘हुट्टिदरे कन्नड नाडल्ली हुट्टबेकु’ या कॅसेट एकमेकींना लागून आहेत. पहिलं राजा बढे यांचं, श्रीनिवास खळे यांच्या चालीतलं, शाहीर साबळ्यांच्या आवाजातलं. २०२३ साली ते महाराष्ट्राचं राज्यगीत झालं. दुसरं १९९३च्या ‘आकस्मिक’ चित्रपटातलं, हंसलेखांच्या संगीतातलं. बेळगाव म्हैसूर राज्यात घातलं गेलं त्या १ नोव्हेंबर १९५६ पासून या भागात काय चाललंय ते इथल्या कुणाला सांगायला नको. पहिलं गाणं लागलं की माझ्या वडिलांचा गळा दाटून यायचा, माझाही येतो. सर म्हणाले, “टीचर, दुसरं लागलं की आमच्या घरात तसंच होतंय.” दोघं थोडा वेळ काही बोललो नाही, मग कामाला लागलो.

मामा दोन्ही वाजवायचे. मराठी गावात पहिलं, बक्षीस वाटताना. कन्नड गावात दुसरं, त्याच वेळी. तक्त्यात दोन्ही गाणी एकाच ओळीत आली, कारण दोघांची वेळ एकच.

आणि २०१६ सालचं अजय-अतुल यांचं ‘झिंगाट’. पुढच्याच वर्षी ‘मनसु मल्लिगे’ हा कन्नड चित्रपट आला आणि तीच चाल कन्नड शब्दांत आली. सरांच्या गावच्या कबड्डी सामन्यात डीजेनं मराठी लावलं होतं, निम्म्या लोकांनी त्यावर कन्नड शब्द गायले. कुणी कुणाला अडवलं नाही, सगळ्यांचे पाय एकाच ठेक्यावर होते.

४ मे २०२५

बेळगावच्या सरदार मैदानावर टेनिस बॉल क्रिकेट. डीजेच्या टेबलाशेजारी बसायची परवानगी मिळाली.

मुलगा विशीतला, कान तयार. लॅपटॉपवर चौकाराचा वेगळा तुकडा, षटकाराचा वेगळा, बळी गेला की वेगळा. चेंडू फलंदाजाच्या बॅटवरून निघाला की त्याचं बोट कळीवर. चेंडू सीमेपार जायच्या आत गाणं सुरू! २००८ साली आयपीएल आली तेव्हापासून ही पद्धत मैदानामैदानावर पसरली. त्याच्या कामात कौशल्य आहे आणि त्याला त्याचा अभिमानही आहे, तो मी मनापासून मानते. २००७ सालचं ‘चक दे इंडिया’चं शीर्षकगीत त्यानं अंतिम सामन्यासाठी राखून ठेवलं होतं. राखून ठेवणं हे मामांचंच शास्त्र. त्याला कुणी शिकवलेलं नाही.

पण दिवसभरात एकही गाणं अंतऱ्यापर्यंत पोचलं नाही. याचं मला वाईट वाटलं, आणि ते लिहून ठेवते. तीन मिनिटांच्या गाण्यात माणसं शेजाऱ्याशी बोलत, शेंगा खात, आधीच्या कुस्तीचा निकाल घोळवत आणि नकळत दुसरं कडवं पाठ करत. दहा सेकंदांच्या तुकड्यात फक्त उसळता येतं.

दुसरा फरक आवाजाचा. डीजेच्या भिंतीतून खर्ज प्रचंड निघतो. खर्ज भिंती, झाडं ओलांडून लांब जातो, वरचे स्वर वाटेतच विरतात. मी मुद्दाम टिळकवाडीच्या बाजूला चालत गेले. ठोके ऐकू येत होते, गाणं कुठलं ते कळत नव्हतं. आत्यासारख्या कुणाला त्यावरून काय कळणार?

१८ मे २०२५

हक्कांचा विषय. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं राहतो, आणि गीतकार-संगीतकारांचा त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. म्हणजे चित्रपटगीतं असलेल्या बहुतेक टेपा आपण सर्वांसाठी खुल्या करू शकत नाही, आणि करूही नयेत. त्या वाचनालयात येऊन ऐकायच्या. हलगी, करडी मजलू, मुलाखती, निवेदनं मात्र सांगणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या लेखी संमतीनं खुली. हलगीवाल्यांचं मानधन आधीच द्यायचं, हे बैठकीत मांडलं आणि मान्य झालं. ज्यांच्या हातावर मैदान उभं राहतं त्यांना आभारपत्रावर पाठवणं बरोबर नाही.

मांडणी पक्की: आखाडा पूजन, लहान जोडी, मधल्या जोडी, मोठ्या जोडीच्या आधी, एक नंबरची कुस्ती, निकाल, बक्षीस, परतीची वाट. कबड्डी, क्रिकेट, फुटबॉलला आपापले टप्पे. प्रत्येक टप्प्याखाली मराठी नि कन्नड गाणी एकत्र, सालानुसार. उचगावच्या आजींनी नि सांबऱ्याच्या काकूंनी दिलेला क्रम आत्याच्या क्रमाशी जवळपास जुळतो. फरक इतकाच की सांबऱ्याला पोवाड्याच्या जागी सनई लागायची.

२५ मे २०२५

क्रम छापून मामांना दाखवला. चष्मा लावून सावकाश वाचला. ‘परतीची वाट’ या टप्प्याखाली मी लिहिलेली गाणी त्यांनी खोडली नाहीत, वर एक ओळ वाढवायला सांगितली: सगळ्यात आधी हरवलेल्या मुलांची नावं, मग गाणं. वाढवली.

आत्यानं या क्रमात भाकरीचा उल्लेख आहे का ते विचारलं. आहे. प्रत्येक टप्प्यासमोर ‘घरात काय चालायचं’ असा शेवटचा रकाना आहे आणि तो बायकांच्या सांगण्यावरून भरलाय.

तालमीच्या वस्तादांनी दसऱ्याच्या मैदानात एक दुपार जुन्या रीतीनं करायचं कबूल केलंय. दोन जोडींच्या मध्ये पूर्ण गाणं, कुस्ती लागली की भोंगा बंद, फक्त हलगी. सरदार मैदानावरचा तो डीजे मुलगा मामांच्या हाताखाली बसणार आहे. काल दोन्ही कर्णे लावून पाहिले. एक चालतो. दुसऱ्याचा डायफ्राम फाटलाय. कोल्हापूरच्या एका दुकानात तसा मिळतो असं कळलं, नंबर लिहून घेतलाय, सोमवारी फोन करायचा. पाऊस लागायच्या आत उरलेल्या कॅसेट कोरड्या डब्यांत, सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद करायच्या आहेत.